लक्ष्मीविलास राजवाड्यातील एक दिवस



आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी आजवर आमच्याकडून बाजारभाव, आडत, वखारीतील धान्याची निगा अशा विषयांवर चार पाने लिहून घेतली जात. आमचा जन्म तूर, ज्वारी आणि गव्हाच्या पोत्यांत गेला, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. म्हणून यंदा संपादक मंडळाने प्रवासवर्णन मागितले तेव्हा प्रथम आम्ही नकारच कळविला होता. परंतु गेल्या माघ महिन्यात बडोद्यास जे पाहिले, त्याचा जामसांवली येथील आपल्या नियोजित भवनाशी निकटचा संबंध आहे. आणि ते भवन कसे असावे याचा निर्णय येत्या सर्वसाधारण सभेत व्हावयाचा आहे. तेव्हा प्रस्तुत लेखात प्रवासवर्णन कमी आणि हिशेब अधिक आढळल्यास वाचकांनी क्षमा करावी.

प्रथम पार्श्वभूमी सांगितली पाहिजे, कारण परगावी असलेल्या आपल्या लेकी-सुनांना व धाकट्या पिढीला ती ठाऊक असेलच असे नाही. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर या त्याच्या दोन तहसिली. सौंसरजवळच्या जामसांवलीस पिंपळाच्या छायेत विसावलेल्या हनुमंताचे प्रसिद्ध स्थान आहे. मंगळवारी आणि शनिवारी तेथे नागपूर, छिंदवाडा, बैतूल, अमरावती अशा चारी बाजूंनी माणसे येतात. कित्येक पायी येतात. या रस्त्यालगत आपल्या संघाने जागा घेतली आहे. वाटसरूंना विसावा, चार खोल्या, शुद्ध भोजन आणि आपल्या सभा-समारंभांसाठी एक सभागृह, एवढी मूळ कल्पना होती. धर्म वा जात न विचारता तेथे पाणी व सावली मिळावी, यावरही कोणाचा मतभेद नव्हता.

मतभेद झाला तो दर्शनी भागावरून. समितीपुढे दोन नकाशे आले. पहिला साधा होता. दुसऱ्यात तीन मोठ्या कमानी, दोन्ही अंगांस घुमट, संगमरवरी जिना आणि पुढे हिरवळ. हा दुसरा नकाशा आमच्या आग्रहाने तयार झाला होता. आमच्या दुकानात बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे छायाचित्र असलेली एक जुनी दिनदर्शिका होती. तिचे पान कापून आम्हीच मिस्त्रींच्या हाती दिले होते. संघाची प्रतिष्ठा इमारतीवरून दिसावी, रस्त्याने जाणाऱ्याने मोटार थांबवून पाहावे, असे आमचे म्हणणे. आणखी एक गोष्ट येथे कबूल करावयास हवी. मधल्या कमानीवर आमच्या तीर्थरूपांचे नाव कोरले जावे, अशी आमची मनीषा होती आणि त्यासाठी आम्ही समितीस रक्कमही बोलून ठेवली होती.

मिस्त्री जुने आणि स्पष्टवक्ते. ते म्हणाले, “शेठ, चित्रावरून कमान काढता येते, पण तिचा भार चित्रात दिसत नाही. एकदा डोळ्यांनी पाहिली पाहिजे.” योगायोगाने त्याच सुमारास आपल्या काही कुटुंबांची पावागढ यात्रा ठरली. लव-कुश आणि पाच कोटी मुनी यांचे निर्वाणस्थान म्हणून दिगंबर परंपरेत पावागढ सिद्धक्षेत्र मानले जाते, आणि तेथून बडोदे सुमारे पन्नास किलोमीटर. यात्रा आटोपल्यावर एक दिवस राजवाड्यासाठी राखावा असे ठरले. आम्ही तेहतीस मंडळी होतो. नागपूरहून रात्रीची गाडी धरली आणि मिस्त्रींनाही बरोबर घेतले.

पावागढचे दर्शन सुखरूप झाले. त्याचे वर्णन येथे करीत नाही, कारण ते आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास आम्ही राजवाड्याच्या फाटकाशी उभे होतो.

फाटकातून आत गेल्यावर राजवाडा लगेच समोर येत नाही, ही पहिली नवलाची गोष्ट. आपल्याकडे वाडा म्हटला की रस्त्यालगत देवडी, आत चौक, चौकात तुळशीवृंदावन. मोकळी जागा घराच्या पोटात असते. येथे उलटा प्रकार. मोकळी जागा घराभोवती आणि घर तिच्या मधोमध. रस्ता वळत जातो, मोठे वृक्ष आडवे येतात, मग एकाएकी हिरवळीच्या पलीकडे ती पिवळसर दगडाची अफाट इमारत उभी राहते. ही रचना इंग्लंडातील जमीनदारांच्या वाड्यांची. तेथे अठराव्या शतकापासून सरळ रेघेतल्या वाफ्यांऐवजी वळणदार रस्ते, उघडी कुरणे आणि मधूनमधून झाडांचे पुंजके अशी बाग करण्याची चाल पडली. बडोद्याची ही बाग आखण्यास विल्यम गोल्डरिंग नावाचा इंग्रज उद्यानतज्ज्ञ आणला होता. लंडनजवळच्या क्यू येथील प्रसिद्ध वनस्पती उद्यानात त्याने काम केलेले होते. राजवाड्याचे मूळ आवार सुमारे सातशे एकरांचे होते असे सांगतात. आमच्यासारख्या माणसाच्या मनात लगेच येते की एवढ्या जमिनीत तूर पेरली तर किती पोती होतील! पण तो विचार आम्ही मनातच ठेवला.

आता ज्यांनी हे उभारले त्यांच्याविषयी थोडे. तिसरे सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील मालेगावाजवळच्या कवळाणे या खेड्यात एका शेतकरी घरात झाला. मूळ नाव गोपाळराव. १८७५ साली महाराणी जमनाबाई यांनी त्यांना दत्तक घेतले आणि खेड्यातला तो बारा वर्षांचा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला. राजवाड्याचे काम १८७८ च्या सुमारास सुरू झाले आणि १८९० मध्ये पुरे झाले. आराखडा मेजर चार्ल्स मांट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याच्याच हातचा. मांट १८८१ मध्ये निवर्तला आणि पुढील काम रॉबर्ट चिझम याने तडीस नेले. खर्चाचा आकडा सुमारे एक लक्ष ऐंशी हजार पौंड असा दिला जातो. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट विस्तार अशी या वास्तूची ख्याती आहे.

तिकीट काढल्यावर कानाला लावावयाचे एक यंत्र मिळते, ते त्या त्या दालनाची माहिती सांगते. आमच्या नातवाने ते आमच्या कानास लावून दिले. राजघराण्याचे वास्तव्य आजही येथे असल्याने काही दालनेच पाहावयास मिळतात. पण तीही एका दमात पाहून होत नाहीत. शस्त्रागार पाहिले. फेलिची या इटालियन शिल्पकाराचे पुतळे पाहिले. दरबार हॉलमध्ये शिरलो तेव्हा आमच्या मंडळींतील बोलणे आपोआप बंद झाले. व्हेनिसच्या पद्धतीची बारीक रंगीत तुकड्यांची जमीन, बेल्जियमच्या रंगीत काचांच्या खिडक्या, आणि एवढ्या मोठ्या दालनात मध्ये एकही खांब नाही. याच दरबार हॉलसाठी राजा रविवर्मा यांच्याकडून महाराजांनी पौराणिक विषयांवरील चौदा चित्रे करवून घेतली होती. बाहेरच्या बाजूस पाहावे तर एका ठिकाणी गुजराती झरोका, दुसरीकडे मोगली घुमट, तिसरीकडे विलायती गिरिजाघरासारखी उंच निमुळती खिडकी. आणि तरीही सर्व एका घरातले वाटते. दगड ठिकठिकाणचा: सोनगडचा पिवळा, आग्र्याकडचा तांबडा, पुण्याकडचा निळसर, राजस्थानचा संगमरवर.

आम्ही कमानींपुढे उभे राहून हरखून गेलो होतो. खिशातील नकाशा काढून मिस्त्रींना म्हणालो, “पाहा, अशीच काढावयाची.” मिस्त्री वर पाहत होते. त्यांची नजर कमानीवर नव्हती. कमानीच्या वर, जेथे छताचे पाणी उतरण्यासाठी वाट केलेली असते तेथे होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “शेठ, कमान उभी राहील. पण अशा नक्षीत धूळ बसते, धुळीत पिंपळाचं बी पडतं, आणि बी रुजलं की दगड फुटतो. इथं दरवर्षी कोणीतरी वर चढत असणार. आपल्याकडे कोण चढणार?”

या प्रश्नाचे उत्तर आम्हांजवळ नव्हते. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती हिरवळीच्या कडेशी थांबल्या होत्या तेथून त्यांनी विचारले, “अहो, एवढं सगळं रोज झाडतं तरी कोण?”

जवळच एक माळी कुंपणाच्या मेंदीची छाटणी करीत होता. साठीच्या आसपासचा असावा. आमचे बोलणे ऐकून तो मराठीतच बोलला. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाची असते तशी गोड, गुजरातीची छटा असलेली त्याची भाषा होती. “मावशी, झाडायला आम्ही आहोतच. पण चार दिवस कुणी आलं नाही ना, तर पाचव्या दिवशी तुम्हांला ही हिरवळ ओळखू यायची नाही. वैशाखात तर दोन दिवस पुरे.” त्याने खाली वाकून गवतातून एक काडी उपटली, बोटांत फिरवून दाखविली आणि म्हणाला, “हे रानगवत. इथं मूळचं हेच. आम्ही लावलेलं गवत पाहुणं आहे, त्याला रोज विचारावं लागतं.”

माळ्याचे हे बोलणे दिवसभर आमच्या मनात राहिले. इंग्लंडात पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. तेथे हिरवळीला आभाळच पाणी घालते. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड. तीच हिरवळ आपण मागतो तेव्हा विलायतेच्या आभाळाचे काम आपल्या माणसाला आणि आपल्या विहिरीला करावे लागते. राजवाड्याच्या आवारात नवलखी वाव नावाची पायऱ्यांची जुनी विहीर आहे, ती १४०५ सालची. म्हणजे राजवाड्याहून सुमारे पावणेपाचशे वर्षांनी जुनी. अगोदर पाणी, पाठीमागून महाल. आमच्या नकाशात हिरवळ होती, घुमट होते. पाण्याचा विचार मात्र कोपऱ्यातील एका टाकीपुरताच होता.

आवारातच महाराजा फत्तेसिंग संग्रहालय आहे. ती इमारत मुळात राजपुत्रांच्या शाळेसाठी बांधलेली होती. १९६१ पासून तेथे रविवर्म्यांची चित्रे व अन्य संग्रह लोकांना पाहता येतो. तेथे एक छोटे आगगाडीचे इंजिन पाहून मुले थबकली. राजघराण्यातील मुलांना आमराईतून फिरविण्यासाठी एके काळी या आवारात लहानशी रेल्वे होती. ती पुढे शहराच्या सार्वजनिक बागेत गेली आणि हजारो सामान्य मुलांनी तिच्यात बसण्याचा आनंद लुटला.

दुपारी झाडाखाली शिदोरी सोडली. तेथे आमच्या मंडळींत चर्चा निघाली की राजेपण गेल्यावर एवढे मोठे घर चालते कसे? आपल्या एका तरुण सभासदाचे शिक्षण काही वर्षे विलायतेत झाले आहे. त्याने तेथील वाड्यांची जी हकीकत सांगितली ती व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

इंग्लंडात अशा वाड्यांवर दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे संकट आले. नोकरचाकर मिळेनात, छपरे गळू लागली आणि मालक वारला की वारसावर जबर कर बसे. डर्बीशायरमधील चॅट्सवर्थ हा तेथील एक प्रख्यात वाडा. त्याचे मालक, डेव्हनशायरचे दहावे ड्यूक, १९५० मध्ये वारले तेव्हा मालमत्तेवर शेकडा ऐंशी असा कर लागला. तो फेडताना घराण्याला हार्डविक हॉल हा दुसरा जुना वाडा सरकारजमा करावा लागला. पुढे १९८१ मध्ये चॅट्सवर्थसाठी स्वतंत्र विश्वस्त संस्था झाली आणि तिच्यामार्फत वास्तूची देखभाल होऊ लागली. दुसरे उदाहरण लाँगलीटचे. त्याच्या मालकाने १९४९ साली तिकीट लावून फाटक सर्वांना उघडले. सरदाराने घर दाखवून पैसे घ्यावेत, याची तेव्हा चेष्टा झाली असेल. पण घर वाचले. शेकडो वाडे मात्र या काळात पाडले गेले आणि दगड-लाकडाच्या भावाने विकले गेले. ते बांधणाऱ्यांकडे पैसा कमी नव्हता. बांधण्याची तरतूद होती, राखण्याची नव्हती.

आपल्याकडे १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. राजवाड्यांपुढे तोच प्रश्न आला. कित्येक ठिकाणी वास्तू ओस पडल्या, कित्येक वारसांच्या तंट्यात सापडल्या. बडोद्याच्या घराण्यातही मालमत्तेचा वाद दीर्घकाळ चालला. तो २०१३ मध्ये सामोपचाराने मिटला, हे समाधानाचे. आज तेथे प्रेक्षक तिकीट काढून येतात, संग्रहालय आहे, १९३० नंतरच्या दशकात पाहुण्यांसाठी केलेले गोल्फचे मैदान आहे, मोतीबाग क्रिकेट मैदान आहे, समारंभ होतात, नवरात्रात गरबा होतो. फाटक उघडल्याने राजवाड्याचा मान कमी झालेला आम्हांला तरी दिसला नाही. आमच्यासारखे तेहतीस वाणी आत फिरून आले म्हणून घुमट खाली आले नाहीत. उलट आमच्या तिकिटाचा काही अंश त्या माळ्याच्या कात्रीपर्यंत पोहोचला असेल.

उन्हे कलल्यावर आम्ही विश्वामित्री नदीच्या काठी असलेल्या सयाजीबागेत गेलो. जुने लोक तिला कमाटीबाग म्हणतात. ही बाग सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८७९ मध्ये झाली, म्हणजे राजवाडा बांधून होण्याच्या अकरा वर्षे आधी. विस्तार शंभर एकरांहून अधिक आणि ती पहिल्यापासून प्रजेसाठी. बागेतील वस्तुसंग्रहालय १८९४ मध्ये उघडले. संध्याकाळच्या त्या वेळी तेथे कोण नव्हते? पेन्शनर होते, भेळ खाणारी मुले होती, परीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी होते, बाकावर निजलेला एक मजूर होता. सूर्यास्तापूर्वी आम्हीही तेथेच एका कडेला बसून जेवण उरकले. सकाळच्या हिरवळीवर आम्ही जपून पाय टाकीत होतो. येथे आमची नातवंडे लोळत होती.

तेथे बसल्या बसल्या आम्ही सवयीप्रमाणे मनात खतावणी मांडली. एका पानावर राजवाडा लिहिला. दुसऱ्या पानावर त्याच राजाने केलेला इतर खर्च लिहू लागलो. १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा. ती पुढे १९६९ मध्ये राष्ट्रीय झाली आणि आज आपल्यापैकी किती तरी व्यापारी तिच्यामार्फत हुंडी-उधारी करतात. १९१० पासून अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणून उभारलेली मोफत वाचनालये, खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्यांसह. १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेस शिकावयास गेले. महाराज १९३९ मध्ये निवर्तले. त्यानंतर राज्य गेले, तनखा गेला. पण या दुसऱ्या पानावरील एकही रक्कम बुडीत खाती लिहावी लागली नाही. राजवाडाही टिकला, परंतु तो टिकविण्यासाठी रोज माणूस राबतो. आणि दुसऱ्या पानावरील गोष्टी तरी रोजच्या माणसावाचून कोठे टिकल्या? शाळेला मास्तर लागतो, वाचनालयाला पुस्तके देणारा लागतो. महाराजांनी नुसत्या इमारती बांधल्या नाहीत. आत रोज काम करणाऱ्या माणसांची सोयही लावून दिली.

येथे आम्हांला आमच्या घरची एक गोष्ट आठवली आणि ती आठवताच घास गोड लागेना. ती लिहावी की न लिहावी असा विचार बरेच दिवस केला. परंतु सभासदांकडून पैसे मागावयाचे तर स्वतःची चूक झाकून चालत नाही.

आमचे वडील दर चैत्रात दुकानापुढे पाणपोई घालीत. चार रांजण, वर ताट्याची सावली, एक लांब दांड्याचे ओगराळे. बैलगाडीवाले, हमाल, मापारी, बाजाराला आलेली बाईमाणसे तेथे पाणी पीत. वडील पहाटे स्वतः रांजण घासून घेत, पाणी गाळून भरून घेत, आणि मगच गादीवर बसत. ते वारल्यावर त्यांच्या स्मरणार्थ आम्ही तेथे पक्की पाणपोई बांधली. संगमरवरी फरशी, पितळी तोट्या, वर नावाची पाटी. उद्घाटनास पेढे वाटले. तीन उन्हाळे ती चालली. चौथ्या वर्षी पाणी भरणारा गडी काम सोडून गेला. आम्ही आज नेमू, उद्या नेमू म्हणत राहिलो. पुढे तोट्या चोरीस गेल्या. आज तेथे रिकामे बारदान ठेवले जाते आणि वडिलांच्या नावाची पाटी बारदानामागे आहे. मातीच्या रांजणांनी जे तीस वर्षे केले, ते संगमरवराला चार वर्षेही जमले नाही. कारण रांजणांपाशी माणूस होता.

आणि त्याच वडिलांचे नाव आम्ही जामसांवलीच्या कमानीवर कोरावयास निघालो होतो.

रात्रीच्या गाडीत आम्ही नकाशा पुन्हा उघडला. मिस्त्री समोरच्या बाकावर होते. त्यांच्या पेन्सिलीने आम्ही दोन्ही घुमटांवर आणि संगमरवरी जिन्यावर काट मारली. ते काही बोलले नाहीत. नकाशा घडी घालून त्यांनी आपल्या पिशवीत ठेवला.

आता सभेपुढे आम्ही जी सूचना मांडणार आहोत ती येथेच नमूद करतो, म्हणजे सभासदांना विचार करण्यास अवधी मिळेल. जमलेल्या रुपयातील दहा आणे इमारतीस लावावेत. इमारत पहिल्या, साध्या नकाशाची. कौलारू ओसरी रुंद असावी, म्हणजे उन्हातून आलेल्याला आत बोलावण्याची वाट पाहावी लागणार नाही. चार आणे कायम ठेव म्हणून बँकेत ठेवावेत आणि त्याच्या व्याजातूनच झाडणारा, पाणी भरणारा व छताची वर्षासाल दुरुस्ती यांचा खर्च भागवावा; मूळ रकमेस कोणीही, कोणत्याही समितीने हात लावू नये. उरलेले दोन आणे पाणी आणि झाडे यांसाठी. हिरवळ नको. कडुनिंब, आंबा, चिंच, पिंपळ ही आपल्या मातीतली झाडे लावावीत. दोन-तीन उन्हाळे जपली की पुढे ती आपणांस जपतात. आणि इमारतीच्या पायाआधी विहीर पाहावी.

यावर एक आक्षेप येईल तो आम्हांला ठाऊक आहे, कारण काल-परवापर्यंत तो आमचाच होता. देणगीदार कमानीसाठी पैसे देतो, घुमटासाठी देतो. झाडूसाठी कोण देणार? हे खरे आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की पाटीच लावावयाची तर ती जतनाच्या ठेवीत रक्कम घालणाऱ्यांची लावावी. अमुक खोली अमुक यांनी बांधली, याऐवजी अमुक महिन्याचे पाणी अमुक यांचेकडून, असे लिहावे. आपल्या वाडवडिलांच्या वह्यांत धर्मादाय खाते असे आणि पोत्यामागे काही पैसे त्या खाती जमा होत. तीच रीत आपण पुन्हा धरू. मात्र शेतकऱ्याच्या मालातून नव्हे, आपल्या नफ्यातून.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा. दादा, साध्या इमारतीकडे कोण पाहील? त्यांना आमचे सांगणे एवढेच की पायी आलेला माणूस कमान पाहत नाही, सावली पाहतो. मोटारीतून जाणाऱ्याने थांबून पाहावे असे आम्ही म्हणत होतो; पण जागा आपण घेतली ती पायी येणाऱ्यांसाठी.

राजवाडा पाहू नये असे मात्र आम्ही म्हणत नाही. सवड काढून अवश्य पाहावा, मुलाबाळांना दाखवावा. कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या पोराने काय उभे केले आणि कोणाकोणासाठी उभे केले, हे पाहून मन मोठे होते. फक्त कमानीकडे पाहून झाल्यावर क्षणभर खाली वाकून छाटणी करणाऱ्या माणसाकडेही पाहावे आणि त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. आम्हांला त्या दिवसाचा खरा लाभ तेथे झाला.

आमची बोललेली रक्कम आम्ही मागे घेत नाही. ती कमानीकडून काढून जतनाच्या ठेवीकडे वळवावी, असे पत्र समितीस दिले आहे. तीर्थरूपांचे नाव कोठे घालावे हा प्रश्न आम्ही सौभाग्यवतींवर सोपविला होता. त्या म्हणाल्या, “आधी दुकानापुढचं बारदान उचला.” ते उचलले आहे. या चैत्रापासून तेथे पुन्हा चार रांजण मांडले आहेत, आणि पाणी भरण्यासाठी एका बाईंना वर्षाचा पगार ठरवून नेमले आहे. बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत दोन वेळा ते भरावे लागतात.

अंतिम निर्णय सभेचा. तो जो होईल तो आम्हांस शिरोधार्य आहे. जय जिनेंद्र.